कुस्कोला जोडीने जाताना: आधी खोरे, मग शहर

पेरूमधले कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे, आणि समुद्रकाठच्या लिमाहून विमान तिथे सव्वा तासात पोचवते. सगळी गोम इथेच आहे. तीस-पस्तीस तासांच्या प्रवासाने आंबलेले अंग, साडेदहा तासांनी उलटलेले घड्याळ आणि श्वासागणिक एक-तृतीयांशाने कमी मिळणारा प्राणवायू, हे तिन्ही एकाच दिवशी अंगावर घेतले की सहलीचे पहिले दोन-तीन दिवस खोलीत पडून जातात.

बहुतेक आराखडे लिमा, कुस्को, माचू पिच्चू (डोंगरातले इंका लोकांचे जुने शहर) असा क्रम लावतात, कारण नकाशावर तो सरळ दिसतो. शरीराला सोपा पडणारा क्रम वेगळा आहे: लिमा, मग उरुबांबा नदीचे खोरे, मग माचू पिच्चू आणि सगळ्यात शेवटी कुस्को. पुढचे सगळे याच क्रमाला धरून लिहिले आहे. दहा-अकरा रात्री हाताशी असतील तर तो आरामात बसतो. सातच असतील तर ठिकाणे कमी करा, खोऱ्यातल्या रात्री कमी करू नका.

कागद, लस आणि नावे

भारतीय पासपोर्टवर पेरूला जायला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा, किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा मागत नाहीत. ही सवलत माणसागणिक आहे, जोडप्यागणिक नाही. एकाच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून दुसऱ्याला आत सोडत नाहीत. दोघांचे कागद वेगवेगळे तपासा आणि तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून सध्याचा नियम विचारून घ्या.

भारतातून पेरूला थेट विमान नाही. युरोपमार्गे गेलात तर ॲमस्टरडॅम, पॅरिस किंवा माद्रिदहून लिमा साधारण बारा तासांवर आहे. अमेरिकेतून जाताना नुसते विमान बदलायचे असले तरी दोघांकडेही अमेरिकेचा व्हिसा हवा, तिथे विमानतळाच्या आतल्या आत बदलण्याची सोय नाही. युरोपात देशागणिक नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात. स्वस्त तिकीट नेमके याच कारणाने गळ्यात पडते.

आता सगळ्यात जास्त जण विसरतात ती गोष्ट: पीतज्वराची लस. पेरू पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे प्रश्न जाताना येत नाही, भारतात परत उतरताना येतो. पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात आलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही डोंगरात होता, जंगलात गेलाच नाही, हे तिथे चालत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि एकदा घेतलेले आयुष्यभर चालते. केंद्रावर तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून दीड-दोन महिने आधी हालचाल करा. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना ही लस सरसकट देत नाहीत. असे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

नावांचा घोळ हा खास जोडप्यांचा. लग्नानंतर आधार एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या नावाने, बँकेचे कार्ड तिसऱ्या नावाने असे सर्रास असते. या प्रवासात एकच नाव खरे, पासपोर्टवरचे. विमान, रेल्वे, माचू पिच्चूचे प्रवेशपत्र, तिथली बस, सगळीकडे नाव आणि पासपोर्ट क्रमांक पडताळतात. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल तर तिकिटांवरचा क्रमांक बदलून घ्या, आणि जुना पासपोर्ट जवळ ठेवा.

विमा काढताना पॉलिसीत उंचीची मर्यादा शोधा. काही पॉलिसी ठरावीक उंचीवरचे आजारपण किंवा 'ट्रेकिंग' वगळतात, आणि ते बारीक अक्षरात असते.

तिकिटे कोणत्या क्रमाने काढायची

बहुतेक जण आधी विमान आणि हॉटेल ठरवतात, मग माचू पिच्चूकडे वळतात. तोवर हवी ती वेळ संपलेली असते. आधी पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर माचू पिच्चूची तारीख बघा. त्या तारखेभोवती विमान, मग रेल्वे, शेवटी मुक्काम.

माचू पिच्चूत आता ठरलेल्या वेळेला आणि ठरलेल्या मार्गानेच फिरता येते. मार्ग तीन. पहिला वरच्या अंगाने जातो, चित्रात दिसते ते दृश्य देतो, पण खालच्या वस्तीत नेत नाही. दुसरा वरचे दृश्यही देतो आणि वास्तूंमधूनही नेतो, म्हणून तोच सगळ्यात आधी संपतो. तिसरा खालून जातो, चढ कमी, पण ते प्रसिद्ध दृश्य त्यात नाही. वाइना पिच्चूचे शिखर तिसऱ्या मार्गाला जोडलेले आहे, माचू पिच्चू डोंगर पहिल्याला. दोघांची तिकिटे एकाच व्यवहारात काढा. वेगवेगळी काढताना एकाला सकाळी आठचा दुसरा मार्ग आणि दुसऱ्याला दहाचा तिसरा असे झाले, तर दारावर कोणीही बदलून देत नाही.

दिवस निवडताना मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. २४ जूनला इन्ती रायमी, म्हणजे इंकांचा सूर्योत्सव, आणि २८-२९ जुलैला पेरूचा राष्ट्रीय सण, या दोन्ही आठवड्यांत गर्दी आणि भाव चढलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस जोरात असतो, दरडींमुळे रेल्वे अडते आणि माचू पिच्चूला पायी नेणारी इंका ट्रेलची पायवाट दर फेब्रुवारीत बंदच असते. एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात सगळ्यात चांगली: डोंगर अजून हिरवे आणि पाऊस सरलेला.

खोली राखताना दोन शब्द लक्षात ठेवा. जोडप्यासाठी एक मोठा पलंग हवा असेल तर 'मात्रिमोनियाल' मागायची. 'दोब्ले' म्हटले की दोन सुटे पलंग मिळू शकतात. थंडीच्या दिवसांत 'कालेफाक्सियोन', म्हणजे खोली तापवायची सोय आहे का, तेही विचारा. जून-जुलैत कुस्कोची रात्र शून्य अंशाजवळ जाते आणि साध्या हॉटेलात नुसती जाड घोंगडी मिळतात. परदेशी पर्यटकाला मुक्कामावरचा १८ टक्के कर माफ असतो. बिलात तो लावलेला दिसला तर पासपोर्ट दाखवून काढून घ्या.

लिमापर्यंत

सगळा प्रवास एकाच आरक्षणावर असू द्या. दोन सुटी तिकिटे जोडून थोडे पैसे वाचतात, पण पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे काही देणेघेणे नसते.

सामान भरताना एकाची बॅग, दुसऱ्याची बॅग असे न करता दोन्ही बॅगांत दोघांचे दोन-दोन दिवसांचे कपडे ठेवा. एक बॅग हरवली तरी दोघांचे भागते. औषधे, चष्मा, चार्जर आणि एक उबदार थर हातातल्या बॅगेत. बँकेची कार्डे दोघांनी वेगवेगळ्या खात्यांची, वेगवेगळ्या खिशांत.

बारा तासांच्या उड्डाणात दर दीड-दोन तासांनी उठून चाला. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, वजन जास्त असेल किंवा घरात रक्ताच्या गाठीचा इतिहास असेल तर घट्ट पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

लिमात दोन रात्री थांबा. हा वाया गेलेला वेळ वाटतो, पण कारण पक्के आहे. घड्याळ उलटल्यामुळे डोके दुखते, झोप उडते, भूक मरते, मळमळते. उंचीच्या त्रासाची लक्षणेही नेमकी हीच. दोन्ही एकत्र आले तर कशाचा त्रास आहे हे कळत नाही आणि उपाय चुकतो. लिमात झोपेची घडी बसली की वर गेल्यावर दुखणारे डोके उंचीचेच, हे निदान सोपे होते.

गोळी घ्यायची की नाही

उंचीच्या त्रासाला पेरूत 'सोरोचे' म्हणतात. तरुण वय, जिम, रोजचे पळणे यांनी तो टळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी भराभर चालतो आणि आधी आडवा होतो. आधी कधी उंचीवर त्रास झाला होता का, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज.

प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड देतात. प्रौढांचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून वर पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. आपल्याकडे २५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिचे दोन तुकडे करतात. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आणि घरी एक दिवस घेऊन बघायची. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवीला लागणे आणि सोडा-कोला बेचव लागणे हे अपेक्षित आहे. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. सिकलसेलचे नुसते वाहक असाल तरी सांगा, कारण विरळ हवेत प्लीहेला इजा होऊ शकते. ही तपासणी झालेली नसेल आणि कुटुंबात कोणाला सिकलसेल असेल तर जाण्याआधी करून घ्या.

कोकाच्या पानांचा चहा तिथे प्रत्येक हॉटेलात मिळतो. तो कायदेशीर आहे, चवीला गवती, आणि प्यायला हरकत नाही. गोळीची जागा तो घेत नाही. एक सावधगिरी: त्याने लघवीच्या चाचणीत कोकेन दिसू शकते. जहाजावर किंवा जिथे अशा चाचण्या होतात तिथे नोकरी असेल तर शिवू नका.

उतरण्याचा दिवस

लिमाहून कुस्कोचे सकाळचे विमान घ्या. हवा शांत असते आणि विलंब झाला तरी दिवस हातात राहतो. विमानाच्या आतला दाब साधारण दोन-सव्वादोन हजार मीटरसारखा ठेवलेला असतो, पण कुस्कोचा विमानतळच ३,३०० मीटरवर आहे. त्यामुळे उतरता उतरता आतली हवा विरळ होते, वेफर्सची पाकिटे फुगतात आणि शॅम्पूची बाटली गळते. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा.

विमानतळावरून शहरात जाऊ नका. आधी ठरवलेल्या गाडीने थेट उरुबांबा खोऱ्यातले ओयांताइताम्बो गाव गाठा, दीड ते दोन तास लागतात. पेरूत टॅक्सीला मीटर नसतो, भाडे बसण्याआधी ठरते. पाबीतोस रस्त्यावरून भरून सुटणाऱ्या छोट्या गाड्या स्वस्त आहेत, पण सामानासह पहिल्याच दिवशी त्यांच्या वाटेला जाण्यात शहाणपण नाही. वाटेत चिंचेरोला रस्ता ३,७०० मीटरच्या वर चढतो. त्याने घाबरू नका, तासाभराची उंची फारशी बाधत नाही. बाधते ती रात्र जिथे काढता ती उंची. ओयांताइताम्बो सुमारे २,८०० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली, आणि झोपेला हा फरक चांगला जाणवतो.

उतरल्यावर दोन-चार तास अगदी छान वाटते. हीच फसगत. त्रास सहा ते बारा तासांनी, म्हणजे पहिल्या रात्री सुरू होतो. पहिल्या दिवशी चढ नाही, दारू नाही, जड जेवण नाही. पाणी तहानेपुरते आणि थोडे वर, लघवी फिकट राहील इतके. चार-पाच लिटर ढोसल्याने सोरोचे टळत नाही. दुसऱ्या दिवशी ओयांताइताम्बोच्या इंका पायऱ्या सावकाश चढा. तिसऱ्या दिवशी साधारण साडेतीन हजार मीटरवरचे मोराई (इंकांची गोल पायऱ्यांची शेते) आणि जवळची मारासची मिठागरे बघून झोपायला परत खाली या. दिवसा वर, रात्री खाली, हाच सरावाचा जुना मार्ग आहे.

दोघांपैकी एकाला त्रास झाला तर

होतोच. दोन शरीरे एकाच वेगाने सरावत नाहीत, आणि ज्याला काही होत नाही तो 'जरा फिरून आलीस की बरे वाटेल' म्हणतो. आधीच ठरवून टाका: ज्याला जास्त त्रास, त्याच्या चालीने दिवस. आणि डोकेदुखी लपवायची नाही. महागडी तिकिटे आणि जोडीदाराचा उत्साह यापायी लपवली जाते, आणि मग रात्री वाढते.

नुसती डोकेदुखी, मळमळ, थकवा असेल तर तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या. बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नेले तर आकडा ८५ ते ९२ दिसेल. घरी हा आकडा दवाखान्यात नेणारा असतो, तिथे पहिल्या दिवसांत तो नेहमीचा आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

रात्री एक गोष्ट हमखास घाबरवते. शेजारी झोपलेल्याचा श्वास काही सेकंद थांबतो, मग एकदम दोन-चार खोल श्वास, पुन्हा शांतता. विरळ हवेत मेंदू श्वासाची लय अशी चालवतो आणि एरवी निरोगी माणसात ती निरुपद्रवी असते. हलवून उठवू नका. झोपेची गोळी आणि दारू मात्र टाळा, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

धोक्याची लक्षणे वेगळी आहेत: बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, निळसर ओठ, असंबद्ध बोलणे, चालताना झोक जाणे. शंका आली तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. तोल गेला की विचार थांबवा: प्राणवायू, दवाखाना, आणि लगेच खाली उतरणे. हॉटेलातले प्राणवायूचे नळकांडे तात्पुरते बरे वाटायला आहे, त्याच्या भरवशावर रात्र काढायची नाही. अशा वेळी आजारी माणूस स्वतः 'मी ठीक आहे' म्हणतो, कारण विचारच गोंधळलेला असतो. निर्णय जोडीदाराने घ्यायचा.

माचू पिच्चू

ओयांताइताम्बोहून रेल्वे दीड-दोन तासांत माचू पिच्चू गावात, म्हणजे आग्वास कालिएन्तेसला नेते. गाव सुमारे २,०४० मीटरवर आणि अवशेष २,४३० मीटरवर, तेव्हा इथे श्वासाला आराम. रेल्वेत लहान बॅगच चालते. मोठ्या बॅगा ओयांताइताम्बोच्या हॉटेलात ठेवा. गावात एक रात्र राहिलात तर सकाळची वेळ घेता येते. गावातून वर बस जाते, अर्धा तास लागतो. पहाटेची रांग लांब असते, म्हणून बसचे तिकीट आदल्या दिवशीच काढा, पासपोर्ट दाखवून.

मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. शौचालय दाराबाहेर आहे, आत कुठेही नाही, आणि मार्ग एकेरी असल्याने मागे फिरता येत नाही. पाठीवरची पिशवी लहान, पाण्याची बाटली पुन्हा वापरायची, कॅमेऱ्याची तिपाई नाही. बारीक चावऱ्या माश्या असतात, त्या गुडघ्याखाली फोडून काढतात. पूर्ण लांबीची पँट घाला.

शेवटी कुस्को

आता इथे तीन-चार रात्री मजेत जातात. मुक्काम प्लासा दे आर्मास या मुख्य चौकाच्या आसपास, सपाट भागात घ्या. चढावरची सान ब्लास वस्ती देखणी आहे, पण तिथून प्रत्येक वेळी बाहेर पडणे म्हणजे दगडी चढ. खालच्या मजल्यावरची खोली मागा, लिफ्ट क्वचितच असते.

कुस्को आणि खोऱ्यातल्या सोळा ठिकाणांना मिळून एक पर्यटक तिकीट आहे, 'बोलेतो तुरिस्तिको'. परदेशी प्रौढाला पूर्ण तिकीट १३० सोल (पेरूचे चलन), दहा दिवस चालणारे, आणि भागशः ७० सोल. ओयांताइताम्बो आणि मोराई त्यातच येतात, तेव्हा ते खोऱ्यातच काढा आणि दिवस मोजा. कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर, कॅथेड्रल आणि मारासची मिठागरे त्यात नाहीत. भाव अधूनमधून बदलतात. साक्सायवामान हा इंकांचा दगडी कोट शहराच्या वर आहे: टॅक्सीने चढा, पायी उतरा.

इंद्रधनुषी डोंगर म्हणून गाजणारा विनिकुंका पाच हजार मीटरच्या वर आहे. तो बघायचाच असेल तर अगदी शेवटच्या दिवसांत. पहाटे तीनला उठवून नेणाऱ्या सहलीत दुसऱ्याच दिवशी बसलेले लोक वर ओकताना दिसतात.

रोख सोलमध्ये ठेवा. डॉलर नेलात तर कोरे न्या, कडेला बारीक फाटलेली नोटही परत करतात. रुपये कोणी बदलत नाही. शाकाहारी असाल तर नुसते 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हणून भागत नाही, कारण कोंबडी तिथे 'कार्ने'त धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासे नकोत) असे पूर्ण म्हणा आणि सूपचा रस्सा कशाचा ते विचारा. किन्वाचे सूप, बटाट्याचे असंख्य प्रकार, चीजबरोबर उकडलेले मोठ्या दाण्याचे मक्याचे कणीस आणि भात-घेवड्याचे ताकु-ताकु यांवर दिवस निघतात. नळाचे पाणी पिऊ नका. शौचालयातला कागद कुंडीत टाकायचा, भांड्यात नाही. वीज २२० व्होल्ट आहे, पण आपले जाड गोल पिनांचे प्लग बसत नाहीत. चपट्या किंवा बारीक गोल पिनांचा ॲडॉप्टर न्या.

परतताना

कुस्कोहून लिमा आणि लिमाहून घरचे विमान एकाच दिवशी ठेवू नका. ढगांमुळे कुस्कोची उड्डाणे अडतात, आणि 'पारो', म्हणजे संप पुकारला गेला की रस्ते आणि रेल्वे दोन्ही बंद होतात. आदल्या दिवशी लिमात येऊन झोपा. कोकाची पाने, कोकाच्या चहाच्या पुड्या आणि कोकाच्या चघळायच्या गोळ्या बॅगेतून काढून तिथेच टाका, भारतात त्या अमली पदार्थांत मोडतात. मधल्या विमानतळावरही त्यावरून अडवू शकतात. पीतज्वराची दोन्ही पिवळी कार्डे पासपोर्टमध्ये घालून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण भारतात उतरल्यावर आरोग्य कक्षात ती सामान मिळण्याच्या आधीच मागतात.